अंदमानची बेटे, चांदोलीचे जंगल आणि आपला धंदा

सुट्ट्या जवळ आल्या की साताऱ्याच्या राजपथावर आणि सांगलीच्या गणपती पेठेत दुकानादुकानांतून एकच विषय निघतो : यंदा कुठे जायचे? पूर्वी आपल्या घरांतून महाबळेश्वर, गोवा, फार तर अजमेर एवढीच नावे येत. आता चार पैसे गाठीला असलेला व्यापारी अंदमानचे नाव घेऊ लागला आहे. सांगलीतील फळांच्या एका बागवान व्यापाऱ्यांनी आम्हाला विचारले, "तिकडे राष्ट्रीय उद्यान समुद्रात आहे आणि पाहायला बोटीने जावे लागते म्हणतात. खर्च करून जाण्यासारखे आहे का?"

त्याच आठवड्यात मिरजेत जीप चालवणारा एक तरुण भेटला. तो वेगळेच बोलला. "भाई, अंदमानला नेणारे कमावतात. आमच्या दाराशी चांदोली आहे, कोयना आहे, पण त्याचा आम्हाला काय उपयोग? पावसाळ्यात जंगल बंद, संध्याकाळ झाली की फाटक बंद. मग धंदाही बंद."

एकाला सहलीची चौकशी करायची होती आणि दुसऱ्याला रोजीची. आम्ही अंदमान पाहिले, आपल्याकडची जंगलेही पाहिली, आणि आमच्या ध्यानात आले की दोघांच्या प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते व्यापाऱ्याच्याच भाषेत सांगता येते, म्हणून हा लेख या पानावर देत आहोत.

वांडूरचा धक्का

आधी सहलीची माहिती. अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने तिचे नाव श्री विजय पुरम असे केले. विमानाने जायचे तर चेन्नई किंवा कोलकात्याहून दोन-सव्वादोन तासांचा प्रवास आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून सरकारी जहाजेही जातात, मात्र चेन्नईहून समुद्रात सुमारे तीन दिवस काढावे लागतात. दुकान आठ दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवणे ज्यांना परवडत नाही त्यांनी जहाजाचा नाद करू नये.

या शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर वांडूर नावाचे गाव आहे. येथून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या बोटी सुटतात. १९८३ साली स्थापन झालेले हे उद्यान सुमारे २८१ चौरस किलोमीटरचे असून त्यात पंधरा बेटे आणि त्यांच्यामधला समुद्र येतो. आपल्याकडे उद्यान म्हटले की वाघ-हरणे डोळ्यांपुढे येतात. येथे पाहायचे ते पाण्याखालचे प्रवाळ. प्रवाळ दिसायला दगडासारखे असले तरी दगड नव्हे. असंख्य लहान जीवांची ती वसाहत असते. काही जातींचे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे पर्यटकाच्या एका लाथेने जे मोडते ते घडायला कित्येक वर्षे लागलेली असतात.

वांडूर हे नाव आम्हाला अंदमानचे वाटेना. चौकशी केली तेव्हा इतिहास कळला. मलबारात १९२१ साली मोपल्यांचा उठाव झाला. तो मोडल्यावर इंग्रजांनी अनेक मोपला कैद्यांना अंदमानात पाठवले आणि पुढे काहींची कुटुंबेही तेथे आली. जंगल तोडून त्यांनी वस्त्या केल्या आणि त्यांना आपल्या मुलखातील गावांची नावे दिली : वांडूर, मंजेरी, तिरूर, मन्नारघाट, कालिकत. ती नावे आजही चालू आहेत. ज्यांना शिक्षा म्हणून बोटीत घालून तेथे नेले त्यांच्या वस्तीचेच नाव पर्यटक आज आपल्या तिकिटावर वाचतो.

सकाळी वांडूरच्या धक्क्यावर पोहोचलो तर पहिली गाठ पडली ती झडतीशी. वनखात्याची माणसे प्रत्येकाची पिशवी उघडून पाहतात. प्लास्टिकची पिशवी, वेफर्सचे पाकीट, बिस्किटांचे वेष्टण यांतले काहीही बोटीत जाऊ देत नाहीत. पाण्याची बाटली न्यायची तर अनामत भरायची, आणि तीच बाटली परत आणून दाखवली की अनामत परत मिळते. बेटावर दुकान नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. खाणे आपापल्या स्टीलच्या डब्यात न्यावे लागते. पर्यटकांची रोजची संख्याही मर्यादित असते. सोमवारी उद्यान बंद.

बोट खारफुटीच्या बेटांमधून तासभर जाते. जॉली बॉय या बेटाला धक्का नाही, त्यामुळे मोठ्या बोटीतून तळाला काच बसवलेल्या लहान बोटीत उतरावे लागते. त्या काचेतून खालचे प्रवाळ आणि मासे दिसतात. ज्यांना पाण्याची भीती वाटते त्या म्हाताऱ्या माणसांनाही बसल्या जागी सारे पाहता येते. बागवान व्यापाऱ्यांना आमचे उत्तर हेच, की एकदा जाण्यासारखे जरूर आहे. मात्र प्लास्टिक घरीच ठेवावे, मुक्कामात सोमवार धरू नये, आणि परवान्याची व्यवस्था आधीच करावी.

आमच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. जॉली बॉय बारा महिने उघडे नसते. साधारण नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत ते पर्यटकांना खुले असते, मग बंद करतात आणि त्याऐवजी रेड स्किन नावाचे दुसरे बेट उघडतात. एकाला विसावा, दुसऱ्यावर राबता. शेतकरी एक तुकडा पड ठेवून दुसऱ्यात पेरतो तसाच हा प्रकार.

आम्ही तेथल्या एका बोटवाल्याला विचारले, "सोमवार बंद, अर्धे वर्ष बेट बंद, माणसे मोजून. तुमचे नुकसान होत नाही?" तो हसून हिंदीत म्हणाला त्याचा मतलब असा, की प्रवाळ मेले तर काचेतून काय दाखवू, वाळू? त्याची भीती पोकळ नाही. २०१० साली समुद्राचे पाणी तापल्यामुळे अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते आणि त्यांतले बरेच मेले. समुद्र तापणे बोटवाल्याच्या हातात नाही. माणसांची गर्दी आणि कचरा रोखणे मात्र माणसाच्या हातात आहे, आणि तेवढे तेथे करतात.

व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुद्दल राखून नफा खाणारा टिकतो आणि मुद्दल खाणाऱ्याचे दुकान चार वर्षांत बसते. ते प्रवाळ हे त्या बोटवाल्याचे मुद्दल आहे.

घरचे बेट : बामणोली ते वासोटा

आता आपल्या दाराशी येऊ. बोटीने जाऊन जंगल पाहायला अंदमानच गाठले पाहिजे असे नाही. साताऱ्याहून कास पठार ओलांडून बामणोलीला गेले की समोर कोयनेचा शिवसागर जलाशय पसरलेला दिसतो. पलीकडच्या तीरावर कोयना अभयारण्य आहे. ते १९८५ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ४२३ चौरस किलोमीटर आहे. वासोटा किल्ला त्याच जंगलात आहे. बामणोलीत वनखात्याचा परवाना घ्यायचा, बोट ठरवायची, तास-दीड तासाने मेट इंदवलीला उतरायचे, आणि मग दाट झाडीतून किल्ला चढायचा. संध्याकाळच्या आत परत फिरावे लागते, मुक्कामाला परवानगी नाही. पावसाळ्यात हा रस्ता बंद असतो.

आमच्या बरोबर साताऱ्यात प्लास्टिकच्या मालाचे दुकान असलेले एक चाचा होते. मेट इंदवलीला वनरक्षकाने पिशव्या तपासून प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या, वहीत लिहिल्या आणि अनामत मागितली. आम्ही सात जण होतो आणि बाटल्या निघाल्या अकरा. चाचा गप्प होते. चढ चढताना दम घ्यायला बसलो तेव्हा बोलले, "२०१८ साली महाराष्ट्रात बंदी आली, तेव्हा माझ्या गोदामातला पिशव्यांचा आणि थर्माकोलच्या ताटांचा माल पडून राहिला. २०२२ ला केंद्राचीही बंदी आली. जंगल वाचले म्हणता, मग माझे नुकसान कोणी भरले?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. कायदा करणाऱ्याने लहान दुकानदाराला सावरायला वेळ द्यायला हवा होता हे खरेच. पण उतरताना चाचांनीच पुढचा हिशेब मांडला. त्या दिवशी बामणोलीच्या काठावर जे शे-दीडशे लोक त्यांनी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांना अशी बाटली हवी होती जी परत नेता येईल, कापडी पिशवी हवी होती, घट्ट झाकणाचा डबा हवा होता. यांतली एकही वस्तू साताऱ्यापासून बामणोलीपर्यंत रस्त्यात विकायला नव्हती. अनामत भरणारे गिऱ्हाईक समोर उभे आहे आणि त्याला माल देणारा कोणी नाही. आता चाचांच्या दुकानात पुढच्या फळीवर स्टीलच्या बाटल्या आहेत. कापडी पिशव्या ते सांगलीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या कुटुंबाकडून घेतात. जुने नुकसान त्याने भरून निघालेले नाही, पण दुकान चालू आहे.

चांदोली : उघडे किती, बंद किती

मिरजेच्या जीपवाल्याचा प्रश्न चांदोलीचा होता. शिराळा तालुक्यात वारणेवर चांदोलीचे धरण आहे आणि त्याच्या जलाशयाभोवती हे जंगल आहे. १९८५ साली ते अभयारण्य झाले आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चारही जिल्ह्यांच्या सीमा येथे मिळतात. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले तेव्हा त्या यादीत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चारही ठिकाणे आली. म्हणजे ज्याला पाहायला परदेशातून माणसे यावीत असे धन सांगलीहून सकाळी निघून दुपारच्या आत गाठता येते.

तेथे गवे आहेत, अस्वल आहे, रानकुत्री आहेत, आणि आपल्या राज्याचा प्राणी शेकरू आहे. पण 'जातो आणि वाघ पाहतो' असे समजून जाणाऱ्याची निराशा होईल. येथे पाऊस प्रचंड, झाडी दाट, जनावर सहज दिसत नाही. जे दिसते ते जंगलच. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगणारा जीपवाला दुसऱ्यांदा बोलावला जातो, आणि वाघाची थाप मारणारा एकदाच.

आम्ही त्या तरुणाला घेऊन मणदूरच्या बाजूने आत गेलो. परतताना त्याला वांडूरची हकीकत सांगितली. तेथेही सोमवार बंद, बेट आलटून पालटून बंद. तरी टॅक्सीवाले, बोटवाले, डबे देणाऱ्या बाया या सर्वांचे पोट त्यावर चालते, कारण काय बंद आणि काय चालू हे सर्वांना आधी ठाऊक असते आणि प्रत्येकाने आपला धंदा त्या वेळापत्रकावर बसवला आहे. आपल्याकडे जंगल बंद झाले की आपण हात बांधून बसतो. पावसाळ्यात चांदोली आणि वासोटा बंद असतात, पण नेमके ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कासच्या पठारावर फुलांचा हंगाम असतो. हिवाळ्यात वासोटा चालतो. उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पाचगणी. एक बंद तेव्हा दुसरे उघडे, हे जॉली बॉय आणि रेड स्किनसारखेच आहे. फक्त ते एका गाडीच्या वेळापत्रकात कोणी बसवलेले नाही.

तो म्हणाला, "म्हणजे बारा महिने गाडी फिरू शकते." अगदी बारा नव्हे, पण आजच्यापेक्षा जास्त महिने नक्कीच.

पण एक गोष्ट आम्ही त्याला बजावून सांगितली आणि येथेही सांगतो. हे जंगल फुकट मिळालेले नाही. कोयना धरणासाठी गावेच्या गावे उठली. चांदोलीच्या धरणासाठी आणि जंगलासाठीही उठली. अनेक कुटुंबांना जमिनीसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागले. तेव्हा या जंगलाच्या काठावर मिळणारी पहिली कमाई त्या लोकांची आहे. बामणोलीत बोटी चालवतात ती याच खोऱ्यातली माणसे. कासला प्रवेशशुल्काची आणि देखरेखीची व्यवस्था आसपासच्या गावांची समिती पाहते. आपण शहरातून जाऊन त्यांच्या पोटावर पाय दिला तर ते दुसरे विस्थापन होईल. गाडी आपली असावी, वाटाड्या तेथला असावा. माल आपला असावा, विक्री तेथल्या बचत गटाने करावी. अशा भागीदारीत बरकत आहे आणि भांडणही नाही.

उसातले बेट

समुद्रात नसलेले एक बेटही सांगली जिल्ह्यात आहे. कराडहून ताकारीकडे येताना चारी बाजूंना ऊस, आणि मध्येच झाडीने भरलेला डोंगर दिसतो. ते सागरेश्वर अभयारण्य. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच्या पायथ्याशी आहे. एके काळी हे डोंगर बोडके होते. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांनी आणि वनखात्याने झाडे लावली, कुंपण घातले, हरणे आणून सोडली, आणि १९८५ साली अभयारण्य झाले. आज तेथे चितळ, सांबर, काळवीट दिसतात.

मुलाबाळांना घेऊन एका दिवसात जाऊन येण्यासारखी ही जागा आहे आणि खर्चही थोडा. पण तेथेही प्रश्न आहेतच. हरणे कुंपणाबाहेर येऊन पिके खातात अशी शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. बेट समुद्रात असो की उसात, त्याच्या काठावर राहणाऱ्याला त्याची झळ बसते. म्हणूनच काठावरच्या माणसाला त्याची कमाईही मिळाली पाहिजे.

मिरजेचा धडा

कोणी म्हणेल, आम्ही कारागीर माणसे, आमचा जंगलाशी काय संबंध? त्यांनी मिरजेच्या सतारमेकर मंडळींकडे पाहावे. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून चालत आलेला हा हुन्नर. सतारीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो, लाकूड जंगलातून. सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची करत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे तो कडक होत गेला आणि हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद झाला. धंदा बुडेल असे तेव्हा कोणालाही वाटले असते. कारागिरांनी उंटाचे हाड, शिसवीसारखे कठीण लाकूड आणि कृत्रिम पदार्थ वापरून जवारी जमवली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हस्तिदंत गेला, हुन्नर राहिला, नावही राहिले.

याच कायद्याची आठवण अंदमानला जाणाऱ्यांनीही ठेवावी. २००१ पासून प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख-शिंपले कायद्याने संरक्षित आहेत. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा खिशात टाकला तरी तो गुन्हा होतो आणि विमानतळावर सामान तपासतात. शोभेचा माल विकणाऱ्या आपल्या दुकानदारांनी तर अशा वस्तूंचा सौदा मुळीच करू नये. घ्यायचेच तर परवाना असलेल्या दुकानातून, पावतीसह घ्यावे.

काय करता येईल

आमच्या पाहणीतून जे सुचले ते थोडक्यात देतो.

१. जीप आणि टेम्पो ट्रॅव्हलरवाल्यांनी कास, वासोटा, चांदोली, सागरेश्वर आणि महाबळेश्वर यांचे चालू-बंदचे वेळापत्रक छापून गाडीत आणि दुकानात लावावे. तारखा आणि दर वनखात्याकडून दरवर्षी नव्याने विचारून घ्यावेत, ऐकीव माहितीवर गिऱ्हाईक नेऊ नये.

२. शिवणकाम करणाऱ्या घरांनी जाड कापडाच्या खांद्याच्या पिशव्या, बाटलीच्या पिशव्या आणि पावसाळी टोप्या कराव्यात. कास आणि बामणोलीच्या रस्त्यावर त्यांना हंगामात मागणी आहे.

३. भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी डबा आणि बाटली भाड्याने द्यावी. अनामत घ्यावी, परत आली की धुऊन पुन्हा द्यावी. लग्नाची भांडी भाड्याने देणाऱ्याला हा धंदा शिकवावा लागणार नाही.

४. खानावळवाल्यांनी सकाळी लवकर मिळणारा बांधीव डबा द्यावा. वासोट्याला जाणारे पहाटे निघतात, त्या वेळी साताऱ्यात गरम खाणे मिळणे कठीण असते.

५. शिकलेल्या मुलांनी झाडे, पक्षी आणि किल्ल्यांची माहिती करून घ्यावी. गाडी चालवणाऱ्यापेक्षा माहिती देणाऱ्या चालकाला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते, आणि पुढच्या वर्षी त्यालाच बोलावते.

सरकारकडेही मागणे आहे. चांदोलीला जाणाऱ्याला प्रवेशाची माहिती सांगली आणि कराडच्या बसस्थानकावर मिळावी, रस्ता नीट असावा, आणि उठलेल्या गावांच्या मुलांना वाटाड्याचे शिक्षण मिळावे. एवढ्याने बरेच होईल.

मिरजेच्या त्या तरुणाने परतल्यावर पहिले काम केले ते गाडीच्या मागच्या काचेवर पाटी लावण्याचे. आधी तेथे फक्त 'भाड्याने मिळेल' असे होते. आता खाली लिहिले आहे : 'कास, वासोटा, चांदोली. बंद दिवस आधी विचारा.' आम्हाला ती पाटी आवडली. जो दुकानदार आपले बंद दिवस आधी सांगतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक उघड्या दिवशी विश्वासाने येते.